सगळे म्हणाले ‘भारी दिसतंय’, तरी पेपर परत आला

पत्र:

ताई, नमस्कार. मी पीजीच्या प्रोजेक्टसाठी एक नवीन चार्ट बनवलाय. मशीनवर सेन्सर असतात, तापमान, कंपन, दाब असं सगळं दर मिनिटाला येत राहतं, आणि मेंटेनन्सवाले ते एकाखाली एक लावलेल्या लाइन चार्टमध्ये बघतात. मी तोच डेटा स्पायरलमध्ये गुंडाळला, एक फेरा म्हणजे एक दिवस, आणि रीडिंग जेवढं जास्त तेवढा रंग गडद. वर्गातल्या मुलामुलींना दाखवला, गूगल फॉर्म भरून घेतला (आवडला का, सोपा वाटला का, परत वापराल का), जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी चार नाहीतर पाच दिले. त्यावर रिसर्च पेपर लिहून पाठवला तर तो तपासणारा रिव्ह्यूअर म्हणतो टास्क (चार्ट बघून करायची कामं) स्पष्ट नाहीत, तुलना नाही, मूल्यमापन अपुरं. गाईड म्हणतात अजून पन्नास फॉर्म भरून घे आणि जमलं तर थ्रीडी कर म्हणजे वजन येईल. सुधारून पाठवायला दीड महिना आहे. काय करू?
– चक्रात अडकलेला

उत्तर:

अरे अडकलेल्या, पहिली गोष्ट, ते पन्नास फॉर्म नको भरून घेऊस. पन्नास काय पाचशे भरलेस तरी रिव्ह्यूअर तेच म्हणेल, कारण त्याचा प्रश्न ‘किती लोकांना आवडलं’ हा नाहीच, त्याचा प्रश्न आहे की हा चार्ट बघून माणसाला कोणतं काम जास्त बरोबर किंवा जास्त लवकर करता येतं, आणि कशापेक्षा. तुझ्या फॉर्ममध्ये या दोन्हीतलं काहीच नाही. त्यात फक्त एवढं कळतं की तुझे मित्र चांगले आहेत.

आवडणं आणि काम होणं या किती वेगळ्या गोष्टी आहेत याचा एक मस्त नमुना सांगते. हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरचे ते हलणारे बुडबुडे आठवतात ना, देशांचं आयुर्मान आणि उत्पन्न वर्षागणिक सरकत जातं ते, २००६ च्या भाषणानंतर सगळीकडे गाजलेले. २००८ मध्ये जॉर्ज रॉबर्टसन आणि त्याच्या सोबतच्यांनी ते अ‍ॅनिमेशन दोन स्थिर प्रकारांसमोर ठेवून तपासलं, एकात प्रत्येक देशाचा माग एकाच चित्रात काढलेला आणि दुसऱ्यात प्रत्येक देशाला आपली आपली छोटी चौकट. लोकांना अ‍ॅनिमेशन बघायला मजा आली, पण स्वतः डेटात उत्तर शोधायची वेळ आली तेव्हा दोन्ही स्थिर चित्रं जास्त वेगवान ठरली, आणि छोट्या चौकटींमध्ये चुका कमी झाल्या. आता यांनी नुसता ‘आवडलं का’ फॉर्म वाटला असता तर काय निष्कर्ष निघाला असता ते तूच बघ.

मग टास्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तुझा सगळा गुंता इथलाच आहे, स्टॅटिस्टिक्स वगैरे नंतरची गोष्ट. तू पत्रात लिहिलंस की मेंटेनन्सवाले लाइन चार्ट ‘बघतात’. बघतात म्हणजे काय करतात? कोणी नुसतं बघत बसत नाही, त्यांच्या डोक्यात प्रश्न असतो. एक दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बस आणि ते तोंडाने काय बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घे. समज तुला तीन वाक्यं मिळाली. एक, ‘रात्रीपासून हे नेहमीसारखं चाललंय का?’ दोन, ‘काल कंपन कितीवर गेलं होतं?’ तीन, ‘तापमान चढल्यावर किती वेळाने कंपन वाढतं?’ ऐकायला तिन्ही ‘सेन्सर डेटा बघणं’ वाटतं, पण आतून ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात आजची वेळ बाकीच्या दिवसांच्या त्याच वेळेशी ताडून पाहायची आणि वेगळं काही दिसलं तर पकडायचं. दुसऱ्यात एक आकडा वाचायचा. तिसऱ्यात दोन मालिकांमधला संबंध, तोसुद्धा मागेपुढे सरकलेला.

२००५ मध्ये अमर, ईगन आणि स्टास्को या तिघांनी अशा मूळ कामांची दहाची यादी मांडली होती, एक किंमत शोधणं, गाळणं, नवी किंमत काढणं, टोकं शोधणं, क्रम लावणं, व्याप्ती, वितरण, विसंगती, गट आणि परस्परसंबंध. यादी परिपूर्ण नाहीये, आणि लोक ती पेपरमध्ये नुसती चिकटवतात त्याचा मला वैताग येतो, पण तुझ्यासारख्याला सुरुवात करायला झकास आहे. उतरवलेलं प्रत्येक वाक्य घे आणि यातल्या कशात बसतं ते शेजारी लिही. बसलं नाही तर तसं लिही, कदाचित तुझ्या पेपरचा खरा माल तिथेच सापडेल.

आता तुझा स्पायरल या तिन्ही कामांसमोर उभा कर. पहिल्यासाठी तो बरा वाटतो, कारण रोजची तीच वेळ एकाच दिशेला येते, नेहमीचा पट्टा दिसतो आणि त्यात खोट असेल तर डोळ्यात भरते. दुसऱ्यासाठी वाईट, एवढा गडद म्हणजे नक्की किती हे कोण सांगणार. तिसऱ्यासाठी तर दोन स्पायरल शेजारी ठेवून मान डावी-उजवी करत बसावं लागेल. म्हणजे ‘आमचं तंत्र सेन्सर डेटाच्या विश्लेषणासाठी उपयुक्त आहे’ हे जे वाक्य तू नक्कीच लिहिलं असशील (सगळेच लिहितात) ते इतकं मोठं आहे की ते सिद्ध करता येणारच नाही. त्याला कातर. ‘दररोजच्या लयीतली विसंगती पकडायला’ एवढंच ठेव.

तुला क्लीव्हलंड आणि मॅकगिलचा १९८४ चा पेपर कोणीतरी वाचायला लावलाच असेल, की एका समान अक्षावरचं स्थान माणूस सगळ्यात अचूक वाचतो, मग लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ आणि रंगाची गडदता अगदी तळाला. २०१० मध्ये हीर आणि बोस्टॉकने हे प्रयोग ऑनलाइन लोकांकडून परत करून घेतले आणि चित्र बरंचसं तसंच आलं, त्यामुळे ते भक्कम आहे. पण लोक तो क्रम मंत्रासारखा म्हणतात आणि विसरतात की तिथं काम एकच होतं, दोन आकारांतला छोटा मोठ्याच्या किती टक्के आहे ते अंदाजाने सांगणं. काम बदललं की क्रम उलटू शकतो. २०१२ मध्ये कॉरेल, अल्बर्स, फ्रँकोनेरी आणि ग्लायकर यांनी लोकांना वर्षभराची मालिका दाखवून विचारलं की कोणत्या महिन्याची सरासरी सगळ्यात जास्त आहे, आणि तिथं रंगांच्या पट्ट्यांनी लाइन चार्टला हरवलं. तोच रंग, जो एकेक किंमत वाचायला तळाला होता. रेषेत डोळा शिखरांकडे आणि खाचांकडे पळतो, रंगाचा पट्टा मात्र डोळा आपोआप मिसळून घेतो असं त्यामागचं कारण मांडलं जातं. रिव्ह्यूअरने ‘रंग का वापरला’ विचारलं तर हे तुझं उत्तर आहे, पण लक्षात ठेव, ते फक्त एकत्रित अंदाजाच्या कामापुरतं आहे.

आता तुलना, जिथे सगळ्यात जास्त गडबड होते. आपल्याकडे म्हणतात ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तू काय करशील मला माहितीये, स्वतःच्या स्पायरलवर चार महिने घालवशील, रंग निवडशील, माउस नेला की आकडा दिसेल अशी सोय करशील, आणि समोर ठेवशील कुठल्यातरी तयार सॉफ्टवेअर लायब्ररीने आपोआप काढलेला लाइन चार्ट, डिफॉल्ट रंग, ठासून भरलेला, ना झूम ना काही. मग जिंकलास तरी काय जिंकलास? प्रतिस्पर्ध्याला तेवढंच प्रेम दे. माउसची सोय दोघांना दे नाहीतर कोणालाच देऊ नकोस, स्क्रीनवरची जागा सारखी दे.

आणि लाइन चार्ट एकटा पुरत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. तू एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यास, रेषेच्या जागी रंग आणला आणि सरळच्या जागी गोल आणलं. स्पायरल जिंकला तर श्रेय कोणाचं? म्हणून तिसरा प्रकार आणायलाच लागेल, साधा सरळ हीटमॅप, एक ओळ म्हणजे एक दिवस, आडवी वेळ, रंग अगदी तुझेच. तीच लय त्यात उभ्या पट्ट्यांसारखी दिसते. माझा अंदाज विचारशील तर बऱ्याच कामांत हा हीटमॅप तुझ्या स्पायरलच्या बरोबरीने जाईल नाहीतर पुढे जाईल, कारण स्पायरलमध्ये आतले फेरे आखूड आणि बाहेरचे लांब, म्हणजे तोच एक तास बाहेर मोठा दिसतो आणि आत चिरडतो, आणि डोळ्याला ते ‘बाहेरचं जास्त महत्त्वाचं’ असं वाटत राहतं.

मग स्पायरलचं स्वतःचं असं काय? एक गोष्ट आहे खरी. हीटमॅप मध्यरात्री कापला जातो. रात्री पावणेबाराला सुरू होऊन सव्वाबाराला संपलेली गडबड तिथं दोन तुकड्यांत येते, एका ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि दोन्ही तुकडे कडेला असल्याने सुटून जाऊ शकतात. स्पायरलमध्ये ती सलग दिसते. म्हणजे तुझ्या चाचणीत काही विसंगती दिवसाच्या मधल्या आणि काही मध्यरात्र ओलांडणाऱ्या अशा मुद्दाम ठेव आणि दोन्हीचे निकाल वेगळे मांड. मध्यरात्रीच्या विसंगतींत स्पायरल पुढे आणि बाकी सारखंच असं आलं तर छोटा पण कोणी हलवू शकणार नाही असा निष्कर्ष मिळेल. (अर्थात कोणी म्हणेल की हीटमॅपची ओळ दुपारी बारापासून सुरू केली की झालं. म्हणू देत, तू आधीच ते पेपरमध्ये लिहून टाक.) आणि हो, डेटा स्पायरलवर गुंडाळणं हे नवीन म्हणून विकू नकोस, कार्लिस आणि कॉन्स्टन यांचं १९९८ चं आणि वेबर, अलेक्सा, म्यूलर यांचं २००१ चं काम आहेच. रिव्ह्यूअरला ते माहीत असणार.

प्रयोग कसा करायचा ते पटापट सांगते, यात फार काही गूढ नाही. प्रत्येकाला तिन्ही चार्ट दाखव पण क्रम बदलत ठेव, तीन क्रम लॅटिन स्क्वेअरने फिरव (म्हणजे प्रत्येक चार्ट पहिला, दुसरा, तिसरा असा सारख्याच वेळा येईल), नाहीतर तिसऱ्या चार्टपर्यंत लोक सरावलेले किंवा कंटाळलेले असतात आणि तू ते चार्टच्या नावावर खपवतोस. प्रत्येक चार्टला वेगळा पण तेवढाच अवघड डेटा दे, तोच दिलास तर उत्तर पाठ होतं. आधी सराव करू दे, विशेषतः स्पायरलचा, कारण लाइन चार्ट सगळ्यांनी शाळेपासून बघितलाय. विसंगती तू स्वतः पेरलेल्या असाव्यात म्हणजे बरोबर उत्तर तुला माहीत असेल, पण खालचा डेटा खऱ्या सेन्सरसारखा गोंगाटी असू दे. वेळ मोज, सुटलेल्या विसंगती मोज, आणि नसताना दिसलेल्या पण मोज, ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग जो माणूस सगळीकडे क्लिक करत सुटतो तो हुशार ठरतो. प्रश्न इतके सोपेही नकोत की सगळे सगळ्यांत पैकीच्या पैकी घेतील, मग फरक दिसणारच कसा. निकाल मांडताना नुसतं ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, असं सांगायची नेहमीची खूण) लिहून पळू नकोस, फरक किती आणि खरा फरक साधारण कुठपासून कुठपर्यंत असू शकतो (कॉन्फिडन्स इंटरव्हल) हे चित्रात दाखव, व्हिज्युअलायझेशनच्या पेपरमध्ये निकालाचं नुसतं टेबल बघितलं की मला हसू येतं. तुझा तो आवडीचा फॉर्म पण ठेव हवा तर, शेवटी, कामाच्या आकड्यांशेजारी. आवड आणि अचूकता उलट्या दिशेला गेल्या तर तेही सांगण्यासारखं आहे.

वर्गमित्र चालतील का? या भागासाठी चालतील, रंगाच्या पट्ट्यात खोट दिसते का यासाठी मेंटेनन्सचा अनुभव लागत नाही. पण ‘मेंटेनन्सवाल्यांना याचा फायदा होतो’ असं म्हणायचं असेल तर मात्र नाही. तमारा मुन्झनर या व्हिज्युअलायझेशनच्या संशोधिकेने २००९ मध्ये चार थरांचं एक मॉडेल मांडलंय, सगळ्यात वर त्या क्षेत्रातला खरा प्रश्न, त्याखाली त्याचं डेटा आणि टास्कमध्ये केलेलं रूपांतर, मग चित्र आणि हाताळणी, आणि तळाला ते चित्र काढणारा अल्गोरिदम. प्रत्येक थरावर चूक वेगळी होते आणि ती पकडायची रीतही वेगळी. तुझा चार्ट किती मिलिसेकंदात स्क्रीनवर उमटतो हे सांगून तो समजतो हे सिद्ध होत नाही, आणि विद्यार्थ्यांनी विसंगती लवकर पकडल्या म्हणून मेंटेनन्सवाल्यांना मुळात तसल्या विसंगती पकडायच्या होत्या हेही सिद्ध होत नाही. तुझ्या पेपरात दावा वरच्या थराचा आणि फॉर्म कुठल्याच थराचा नाही, रिव्ह्यूअर चिडला तो यावर.

म्हणून दोन-चार खरे मेंटेनन्सवाले गाठ, त्यांना त्यांच्याच मशीनचा डेटा स्पायरलमध्ये आणि हीटमॅपमध्ये दे, आणि प्रश्न विचारू नकोस, मोठ्याने बोलत काम करायला सांग. त्यांना काय काय नवीन दिसलं, कुठं अडले, कधी तुझा चार्ट बंद करून जुना उघडला हे नोंदव. ख्रिस नॉर्थने २००६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की ठरवून दिलेल्या प्रश्नांच्या चाचण्यांपेक्षा माणसाला आपणहून काय उमगलं ते मोजावं. श्नाइडरमन आणि प्लेझाँ तर त्याच वर्षी म्हणाले की तज्ज्ञांसोबत आठवडे-महिने राहून बघा. तुझ्याकडे दीड महिना आहे त्यामुळे ते होणार नाही, तसं मर्यादांमध्ये साफ लिही, त्यात लाज नाही. कोणती पद्धत कुठल्या प्रश्नाला हे बघायचं असेल तर हेडी लॅम आणि सहकाऱ्यांनी ८०० हून जास्त पेपर चाळून २०१२ मध्ये मूल्यमापनाचे सात प्रकार काढलेत, त्यात तुझा कोणता ते एकदा ठरव.

आता थ्रीडी. गाईडना मान देऊन सांगते, नको. २०११ मध्ये मिशेल बॉर्किन आणि मंडळींनी हृदयाच्या धमन्यांचं चित्र तपासलं होतं. धोक्याच्या जागा शोधायच्या, आणि बघणारे वैद्यकीय विद्यार्थी. नेहमीच्या थ्रीडी चित्रात इंद्रधनुषी रंगांसह त्यांना ३९ टक्के जागा सापडल्या, आणि सपाट आराखडा व नीट निवडलेले रंग दिल्यावर ९१ टक्के. आणि धमनी तर खरोखरच थ्रीडी वस्तू आहे, तुझा वेळेचा डेटा तसाही नाही. गाईडना हा पेपर पाठव, वाद घालू नकोस. त्यावरून आठवलं, तुझे रंग तू लिहिले नाहीस, पण इंद्रधनुष्य असेल तर आजच काढ. त्यात पिवळा उगाच उठून दिसतो, जिथं डेटात पायरी नाही तिथं पायरी दिसते, आणि लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक बाहेर राहतात. मॅटप्लॉटलिब या चार्ट काढायच्या सॉफ्टवेअरने उगाच नाही २०१७ मध्ये जेट (इंद्रधनुषी रंगपट्टा) सोडून व्हिरिडिस हा एकसारखा उजळत जाणारा रंगपट्टा डिफॉल्ट केला.

आणि स्पायरल सगळीकडेच हरला तर, ही भीती तू लिहिली नाहीस पण ती दिसतेय. तर हरला. २००४ मध्ये घोनिएम, फेकेट आणि कास्टाग्लिओला यांनी नेटवर्क दाखवायच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या, ठिपके-रेषा आणि मॅट्रिक्स (चौकटींचा तक्ता, कोण कोणाशी जोडलेलं ते चौकट रंगवून दाखवायचं). नेटवर्क वीसेक ठिपक्यांच्या पुढे गेलं की बहुतेक कामांत मॅट्रिक्स पुढे, पण एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता शोधायला ठिपके-रेषाच बऱ्या. तो पेपर अजून वापरला जातो तो याच कारणाने, की कोणत्या कामाला काय हे त्यातून कळतं. ‘लय बघायला हीटमॅप पुरतो, मध्यरात्र ओलांडणाऱ्या घटनांना स्पायरल, आकडा वाचायला रेषाच’ असं तुझ्याकडून आलं तर मी तरी तो पेपर आनंदाने वाचेन.

दीड महिन्याचं म्हणशील तर पहिला आठवडा पूर्ण मेंटेनन्सवाल्यांकडे घाल, लॅपटॉप न उघडता. दुसऱ्यात हीटमॅप आणि नीटसा लाइन चार्ट बनव आणि डेटा पेर. मग दोघा-तिघांवर पायलट कर (खऱ्या चाचणीआधीची छोटी तालीम), आणि त्यांच्या उत्तरांपेक्षा ते प्रश्न वाचून काय विचारतात तिकडे लक्ष दे, ‘विसंगती म्हणजे नक्की काय’ असं एकाने जरी विचारलं तरी आधी सूचना बदल, सरावाची उदाहरणं बदल, आणि परत नव्या दोघांवर पायलट कर. खरी चाचणी आणि मेंटेनन्सवाल्यांची सेशन्स चौथ्या-पाचव्या आठवड्यात उरकतील, लिहायला शेवटचा राहील. विश्लेषण कसं करणार ते मात्र डेटा हातात यायच्या आधी लिहून गाईडना मेल करून ठेव, त्यात थ्रीडीचा विषयही मिटवून टाक.